सुतार, त्याची मुलं आणि मागे राहिलेला थोरला



न्यूयॉर्कच्या आसपास राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांनी कधी ना कधी सात नंबरच्या सबवेनं प्रवास केलेला असतो. जॅक्सन हाइट्सला डाळी-मसाले आणायला, नाहीतर फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात. मॅनहॅटनहून निघालात की ग्रँड सेंट्रलनंतर गाडी ईस्ट रिव्हरच्या पोटात शिरते आणि क्वीन्सच्या बाजूला वर येते. त्या बोगद्याचं नाव स्टाइनवे टनेल. पुढे ॲस्टोरियात स्टाइनवे स्ट्रीट आहे. आणि स्टाइनवेचा पियानो तर पियानो न वाजवणाऱ्यांनाही ऐकून माहीत असतो.

ही सगळी नावं एका जर्मन सुताराच्या घराण्याची. त्यांची गोष्ट अमेरिकेत नेहमी एकाच साच्यातून सांगितली जाते. बाप चार पैसे घेऊन बोटीतून उतरला, मुलांनी कष्ट केले, आणि पन्नास वर्षांत नाव जगभर झालं. ह्यात खोटं काही नाही. पण मधला भाऊ विल्यम ह्याची रोजनिशी स्मिथसोनियननं इंटरनेटवर ठेवली आहे, ती मी गेल्या वर्षी रोज थोडी थोडी वाचत गेलो, आणि मला ही गोष्ट निम्मीच सांगितली जाते असं वाटायला लागलं. जे आले त्यांच्याबद्दल सगळे बोलतात. जो आला नाही, आणि आला तेव्हा मनाविरुद्ध आला, त्या थोरल्या भावाला एखाद्या परिच्छेदात उरकतात. माझ्या मते पियानो जितका आलेल्यांचा, तितकाच त्याचा.

पण आधी बापापासून सुरुवात करू.

हाइनरिश एंगेलहार्ड श्टाइनव्हेग. जन्म 1797, हार्ट्झच्या डोंगराळ भागातल्या वोल्फ्सहागेन नावाच्या खेड्यात. नेपोलियनच्या लढायांचे दिवस. लहानपणीच पोरका झाला एवढं नक्की. बाप आणि भाऊ वीज पडून गेले, पोरगा वॉटर्लूला बिगूल वाजवत होता वगैरे कथा घरात सांगितल्या जायच्या, त्यातलं किती खरं नि किती नंतर चिकटलेलं कोण जाणे. (आपल्याकडेही पणजोबांच्या गोष्टीत पेशव्यांची एक तरी भेट असतेच!) पुढे तो झेझेन नावाच्या छोट्या गावात स्थायिक झाला आणि सुतारकी करू लागला. कपाटं, टेबलं, आणि जोडीला चर्चमधल्या ऑर्गनची दुरुस्ती. 1825 साली युलियाने थीमर हिच्याशी लग्न. त्याच वर्षी थोरला मुलगा थिओडोर.

सुतार पियानोकडे कसा वळला? त्या काळचा पियानो म्हणजे निम्म्याहून जास्त लाकूडकामच. फळी किती वाळलेली आहे, सरस कुठे धरेल नि कुठे सुटेल, पातळ तक्त्याला किती ताण सोसेल हे ज्याला हातानं कळतं, त्याला बाकीचं शिकता येतं. 1836 मध्ये हाइनरिशनं आपला पहिला ग्रँड पियानो बांधला, तोही घराच्या स्वयंपाकघरात. तो आजही 'किचन पियानो' म्हणूनच ओळखला जातो. युलियानेबाई त्या काळात स्वयंपाक कुठे करत होत्या हे मात्र कुठल्याच इतिहासकारानं लिहिलेलं नाही! 1839 ला ब्राउनश्वाइगच्या प्रदर्शनात त्याच्या वाद्यांना बक्षीस मिळालं आणि सुताराचा पियानोवाला झाला.

म्हणजे बघा, हा माणूस देशोधडीला लागलेला नव्हता. चालतं दुकान, नाव, बक्षीस, भरलं घर. मग पन्नाशी उलटल्यावर हे सगळं सोडून समुद्र कशाला ओलांडायचा?

एक कारण जकातीचं. तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हता, लहानमोठी संस्थानं होती. 1840 च्या दशकात ब्राउनश्वाइग एका जकात-संघात गेलं आणि शेजारचं हॅनोव्हर दुसऱ्यात राहिलं. झेझेन पडलं सीमेजवळ. ज्या गावांत गिऱ्हाईक होतं ती गावं एकदम परदेश झाली, आणि पियानो काही कोटाच्या खिशात घालून नाक्यावरून नेता येत नाही. दुसरं कारण 1848 ची क्रांती. ती फसली आणि तिच्यात ओढला गेलेला दुसरा मुलगा कार्ल ह्याला गावात राहणं अवघड झालं. तो 1849 मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि तिथून त्यानं कळवलं की इथे काम आहे, या.

1850 च्या मे महिन्यात कुटुंब हाम्बुर्गहून 'हेलेने स्लोमान' नावाच्या बोटीत बसलं. अटलांटिक ओलांडणारी ही जर्मनांची पहिली आगबोट. जूनअखेर सगळे सुखरूप न्यूयॉर्कला उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, तिसऱ्याच सफरीत, ती बोट समुद्रात बुडाली.

त्या बोटीत आईबाप आणि धाकटी भावंडं होती. थोरला थिओडोर नव्हता. पंचविशीतला, सगळ्यांत शिकलेला. झेझेनमध्ये याकोब्सन शाळा होती, ज्यू समाजाच्या पुढाऱ्यानं काढलेली पण सगळ्या धर्मांच्या मुलांना खुली. तिथे त्याला विज्ञानाची, विशेषतः ध्वनिशास्त्राची गोडी लागली. त्याला मागे ठेवलं ते दुकान सांभाळायला. जमलं नाही तर परतायला एक दार उघडं असावं, हा हिशोब. न्यूयॉर्कहून त्याला सुरुवातीला जी पत्रं गेली त्यांतही सूर असाच होता, की तिथे मेहनतीनं पोट भरत असेल तर इकडे येण्याची घाई करू नकोस. इथे वेगळंच ऐकवायची आपल्याला सवय आहे. चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत सहाजण राहत असले तरी घरी फोटो जातो तो नायगाऱ्याचा. श्टाइनव्हेग मंडळी त्या मानानं बरीच सरळ म्हणायची.

न्यूयॉर्कमध्ये बापलेकांनी एक शहाणपणा केला. उतरल्या उतरल्या स्वतःची पाटी लावली नाही. तीन वर्षं दुसऱ्यांच्या पियानो-कारखान्यांत नोकऱ्या केल्या. स्वतः उस्ताद असलेल्या त्रेपन्न वर्षांच्या माणसानं परक्या गावात पुन्हा पगारी कारागीर होणं सोपं नाही. इकडे येऊन खालच्या हुद्द्यापासून सुरुवात केलेल्या आपल्यातल्या डॉक्टर-इंजिनिअर मंडळींना हे वेगळं सांगायला नको. पण त्या तीन वर्षांत त्यांना अमेरिकन बाजार कळला. इथल्या घरांत तेव्हा चौकोनी, टेबलासारखा पियानो खपत होता, आणि इथली हवा, म्हणजे उन्हाळ्यात दमट आणि हिवाळ्यात शेगडीनं सुकलेली, जर्मन लाकूडकामाला मानवत नव्हती. ओतीव लोखंडाची चौकट अमेरिकेत आधीच वापरात आली होती. ती त्यांनी इथे पाहिली.

5 मार्च 1853 ला, विल्हेल्मच्या अठराव्या वाढदिवशी, व्हॅरिक स्ट्रीटवरच्या भाड्याच्या जागेत 'स्टाइनवे अँड सन्स' सुरू झाली. पहिला पियानो विकला गेला पाचशे डॉलर्सना, आणि त्याचा क्रमांक होता 483! कंपनीचं म्हणणं असं की आधीचे 482 हाइनरिशनं जर्मनीत बांधले होते. देश बदलला तरी मोजदाद एकपासून सुरू करायची नाही, हे मला फार आवडलं. तो पियानो आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे.

नावाची गंमत बघा. श्टाइन म्हणजे दगड, व्हेग म्हणजे वाट. त्यांनी अर्धं नाव जसंच्या तसं ठेवलं आणि अर्ध्याचं इंग्रजी केलं. पाटीवर 1853 पासून स्टाइनवे, कायद्यानं मात्र 1864 मध्ये. हाइनरिशचा हेन्री, कार्लचा चार्ल्स, विल्हेल्मचा विल्यम झाला. घरात आणि कारखान्यात बोली जर्मनच. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जर्मन माणसं इतकी होती की व्हिएन्ना-बर्लिनखालोखाल जर्मन बोलणारं तिसरं मोठं शहर हेच, असं म्हणत.

आता खरी गोष्ट. धंद्याचा मेंदू होता बापाचाच नाव धारण केलेला मुलगा, धाकटा हेन्री. 1855 च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांच्या चौकोनी पियानोला सुवर्णपदक मिळालं. 20 डिसेंबर 1859 ला धाकट्या हेन्रीनं ग्रँड पियानोचं एक पेटंट घेतलं, त्यानं पियानोचा आवाजच बदलला. पूर्वी ग्रँडच्या तारा साधारण एकमेकींना समांतर असत. ह्यानं खर्जाच्या तारा तिरक्या करून बाकीच्या तारांवरून पंख्यासारख्या नेल्या. त्यामुळे तेवढ्याच पेटीत खर्जाच्या तारा लांब बसतात, आणि ज्या लाकडी पट्टीवरून त्यांचा कंप खाली उतरतो ती तक्त्याच्या कडेला न राहता मध्याकडे सरकते. ढोल कडेला वाजवून बघा आणि मध्ये वाजवून बघा, म्हणजे फरक कळेल. हा सगळा ताण, पंधरा-वीस टनांच्या घरातला, सोसायला लोखंडी चौकट.

हे एकट्या न्यूयॉर्कचं काम नव्हतं. न्यूयॉर्कचा हेन्री आणि जर्मनीतला थिओडोर ह्यांच्यात पत्रव्यवहार चालू होता. मापं, तारांच्या जाड्या, काय फुटलं, काय टिकलं, असं सगळं त्यात असे. एक पत्र जाऊन उत्तर यायला आठवडेच्या आठवडे. आपण ईमेलला दोन दिवसांत उत्तर आलं नाही की रुसतो.

ह्याच वर्षांत इकडे यादवी युद्ध चालू होतं. चार्ल्स आणि धाकटा आल्बर्ट न्यूयॉर्कच्या शिबंदीत काही काळ होते. जुलै 1863 मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध शहरात दंगल उसळली तेव्हा जमाव फोर्थ ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या नव्या कारखान्यासमोर येऊन उभा राहिला. चार्ल्स पुढे होऊन बोलला, एका पाद्र्यानं समजूत घातली, म्होरक्यांना थोडे पैसे दिले आणि कारखाना वाचला. विल्यमनं हे रोजनिशीत जमाखर्च लिहावा तसं लिहिलंय. संकट टळल्याचा हुंदका त्यात कुठे नाही.

मग 1865 चा मार्च आला. 11 तारखेला धाकटा हेन्री क्षयानं गेला, वय चौतीस. चार्ल्स तेव्हा थिओडोरकडे ब्राउनश्वाइगला गेला होता. तिथेच त्याला विषमज्वर झाला आणि 31 तारखेला तोही गेला. तीन आठवड्यांत दोन भाऊ. एक अमेरिकेत आणि एक, जो सगळ्यांच्या आधी पळून आला होता, तो मायदेशात, थोरल्या भावाच्या घरी. बाप अडुसष्ट वर्षांचा. हाताशी तिशीचा विल्यम आणि त्याहून लहान आल्बर्ट.

थिओडोरला निरोप गेला, ये. तोपर्यंत त्यानं तिकडे स्वतःचा धंदा उभा केला होता, झेझेनहून वोल्फेनब्युटेल आणि तिथून ब्राउनश्वाइगला हलवला होता. त्यानं तो ग्रोट्रियान आणि आणखी दोन भागीदारांना विकला आणि वयाच्या चाळिशीत न्यूयॉर्कला आला. मला वाटतं, ह्या घराण्यातली सगळ्यांत मोठी किंमत मोजली ती त्यानं. बाकीचे मनानं आलेले होते. हा कर्तव्य म्हणून आला. आणि त्याला अमेरिका कधीच मानवली नाही. हवा नाही, माणसं नाहीत, धावपळ नाही.

पण काम त्यानं असं केलं की बस. बापाकडे आणि हेन्रीकडे हात होता, थिओडोरकडे हात आणि विज्ञान दोन्ही. हेल्महोल्ट्झसारख्या नाणावलेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा त्यानं पियानोत उपयोग केला, त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवला. चाळीसच्या वर पेटंटं. ग्रँड पियानोची ती वळणदार कड पूर्वी तुकडे जोडून करत. थिओडोरच्या पद्धतीत कठीण लाकडाचे लांब पातळ थर एकमेकांना चिकटवून, लोखंडी साच्याभोवती एकदम वाकवून आवळतात. ॲस्टोरियाच्या कारखान्यात आजही पाच-सहा माणसं मिळून हे काम हातानं करतात. सरस आळायच्या आत सगळं झालं पाहिजे, त्यामुळे ते दृश्य रथ ओढल्यासारखं दिसतं.

1866 मध्ये चौदाव्या रस्त्यावर स्टाइनवे हॉल उभा राहिला. पुढल्याच वर्षी तिथे डिकन्सचं वाचन झालं. कार्नेगी हॉल होईपर्यंत शहराचं संगीत मुख्यतः तिथेच. 1867 ला पॅरिसचं सुवर्णपदक. दुकान विल्यम चालवायचा, वाद्य थिओडोर घडवायचा. म्हातारा हाइनरिश 1871 मध्ये गेला.

विल्यमबद्दल लिहायचं तर वेगळं पुस्तक होईल. आवाज उत्तम, जर्मन गायनमंडळ 'लीडरक्रांत्स'चा अनेक वर्षं अध्यक्ष, शहरातला प्रत्येक मोठा माणूस ओळखीचा. आपल्याकडच्या मंडळाचे अध्यक्ष आठवा आणि त्याला शंभरनं गुणा. 1870 च्या सुमारास त्यानं क्वीन्समध्ये चारशे एकर जमीन घेतली आणि गावच वसवलं. ओतशाळा, लाकडाची गिरणी, कामगारांना घरं, चर्च, वाचनालय, बालवाडी. शाळेत जर्मन शिकवायची सोय त्यानं पदरमोड करून केली. आपल्या रविवारच्या मराठी शाळांच्या जागेचं भाडं कोण देणार ह्यावर जे वाद होतात ते आठवून मला हे वाचताना हसू आलं.

पण त्याला नुसतंच दानशूर म्हणून सोडून देणं मला पटत नाही. 1872 मध्ये आठ तासांच्या दिवसासाठी शहरातल्या कामगारांनी संप केला. त्यात स्टाइनवेचे कामगारही होते, आणि ते बहुतेक जर्मनच. मालक आपल्या भाषेतला आहे म्हणून पगार वाढत नाही हे त्यांना कळलं होतं. गाव शहरापासून दूर वसवण्यामागे कामगारांना चळवळ्यांपासून लांब ठेवावं हाही हेतू होता, हे विल्यमनं पुढे स्वतःच उघड सांगितलं आहे. घर मालकाचं असलं की संपावर जाताना माणूस दोनदा विचार करतो.

घरातही सुख नव्हतं. 1861 मध्ये लग्नाच्या तोंडावर सुरू केलेल्या त्या रोजनिशीत पुढे बायकोच्या, रेगिनाच्या, परपुरुषाशी असलेल्या संबंधांची नोंद येते आणि 1876 मध्ये घटस्फोट. नवऱ्याच्या वहीतून बायकोची बाजू आपल्याला कधीच कळणार नाही, हेही ध्यानात ठेवून वाचावं लागतं. 1877 मध्ये आई युलियाने गेली आणि आल्बर्टही, विषमज्वरानं. बापाच्या हाताखालच्या मुलांपैकी आता उरले विल्यम आणि थिओडोर.

आणि थिओडोरला परत जायचं होतं. मधून मधून तो जर्मनीला जाऊन राहायचाच. 1880 मध्ये दोघा भावांनी हाम्बुर्गला दुसरा कारखाना काढला. युरोपातली मागणी, तिकडची स्वस्त मजुरी, वाचणारी जकात, ही कारणं खरीच. पण हाम्बुर्गमुळे थिओडोरला मायदेशात राहून घरचं काम करायची वाट मिळाली, हेही तितकंच खरं. तो ब्राउनश्वाइगला राहिला, न्यूयॉर्कला पत्रं पाठवत राहिला आणि तिथेच 1889 मध्ये वारला. ज्या बंदरातून घर बोटीत बसलं होतं, त्याच बंदरात घरचा कारखाना उभा राहिलेला त्यानं पाहिला.

विल्यमची शेवटची वर्षं नाही त्या उद्योगांत गेली. डाइम्लरची इंजिनं अमेरिकेत बनवायची कंपनी त्यानं 1888 मध्येच काढली, मोटारगाडीला कुणी विचारत नव्हतं तेव्हा. तोट्यात गेली. कामगारांना फिरायला म्हणून समुद्राकाठी करमणुकीची बाग काढली. तीच जागा पुढे विमानतळ झाली, ला गार्डिया. 1892 मध्ये नदीखालचा बोगदा खणायला घेतला. डिसेंबरात सुरुंगाच्या दारूचा स्फोट होऊन पाच जण मेले, पुढल्या वर्षी मंदी आली आणि काम थांबलं. विल्यम 1896 मध्ये गेला, त्याच्यामागे बरीच कर्जं निघाली. बोगदा दुसऱ्यांनी पुरा केला आणि त्यातून नियमित गाडी धावायला 1915 साल उजाडलं.

पुढची दोन महायुद्धं म्हणजे ह्या घराची खरी कुचंबणा. एक कारखाना न्यूयॉर्कला, एक हाम्बुर्गला, आणि मध्ये युद्ध. दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कचे सुतार अमेरिकन सैन्यासाठी लाकडी ग्लायडर विमानं बांधत होते, आणि हाम्बुर्गचा कारखाना नाझींच्या लेखी शत्रूची मालमत्ता होता. पहिल्या महायुद्धात तर अमेरिकेत जर्मन बोलणंच संशयास्पद ठरलं.

आणि थिओडोरनं विकलेल्या दुकानाचं काय झालं? ग्रोट्रियान मंडळींनी श्टाइनव्हेग हे नाव पियानोवर चालू ठेवलं. स्टाइनवेंना ते खुपत होतं. 1919 मध्ये ग्रोट्रियान कुटुंबानं कायद्यानं आपलं आडनावच 'ग्रोट्रियान-श्टाइनव्हेग' करून घेतलं. म्हणजे ज्यांचं नाव श्टाइनव्हेग होतं ते स्टाइनवे झाले, आणि ज्यांचा त्या रक्ताशी संबंध नाही ते श्टाइनव्हेग! प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि 1975 मध्ये वरच्या कोर्टातही निकाल स्टाइनवेंच्या बाजूनं लागला. गिऱ्हाईक नावाच्या सारखेपणामुळे सुरुवातीला ओढलं जातं एवढी फसगतही पुरे, असं कोर्टानं धरलं. इंटरनेटवरच्या नावांच्या भांडणांत वकील हा निकाल पुढे वर्षानुवर्षं दाखवत आले. आपल्यातले जे ट्रेडमार्कच्या धंद्यात आहेत त्यांना माहीत असेल.

निकाल लागला तेव्हा कंपनी घराण्याकडे राहिली नव्हती. 1972 मध्येच ती सीबीएसला विकली गेली होती. हाइनरिशचा पणतू हेन्री हा त्या नावाचा शेवटचा अध्यक्ष. तो 2008 मध्ये त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला. 2013 मध्ये पॉलसन नावाच्या गुंतवणूकदारानं कंपनी पन्नास कोटी डॉलर्सच्या वर किंमत मोजून घेतली. न्यूयॉर्क आणि हाम्बुर्ग, दोन्ही कारखाने अजून चालू आहेत, आणि कुठला आवाज बरा ह्यावर पियानोवाल्यांची भांडणंही. मैफलीला गेलात आणि पुढची जागा मिळाली तर पट्ट्यांच्या दोन्ही टोकांशी असलेले लाकडी हात बघा. कोपरा टोकदार असला तर पियानो बहुतेक ॲस्टोरियाचा, गोलसर असला तर थिओडोरच्या हाम्बुर्गचा.